द्विबोर्डमीमांसा, अर्थात दिवे लावण्याचे शास्त्र

मराठीत ‘दिवे लावणे’ निंदाव्यंजक कसे झाले, हा प्रश्न कोशकारांनी सोडून दिलेला दिसतो. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणारी सून गुणाची ठरते. तिच्याच मुलाने परीक्षेत गटांगळ्या खाल्ल्या की आजोबा म्हणतात, ‘लावले दिवे चिरंजीवांनी!’ ‘काय उजेड पाडलास’ याचेही तेच. ‘टेंभा मिरवणे’ तर थेट शिवीच्या हद्दीला जाऊन टेकते. उजेड देणाऱ्या माणसाविषयी एवढी अढी भाषेत उगाच साचत नाही. प्रस्तुत लेखकाचे नम्र मत असे की हे तिन्ही वाक्प्रचार नाट्यगृहाच्या प्रकाशकक्षात जन्मले, आणि तेही अशा एखाद्या रात्री, जेव्हा एकाच रंगमंचावरच्या दिव्यांना दोन बोर्डांवरून एकाच वेळी हुकूम सुटत होते. वाक्प्रचार जुने आणि बोर्ड नवे, अशी कालक्रमाची किरकोळ अडचण या मताला आहे. परंतु ज्या सिद्धांताला कालक्रम आडवा येत नाही त्यात संशोधकाने करायचे तरी काय?

प्रथम संज्ञा. ज्यावरून दिवे कमीजास्त करतात त्या यंत्राला दोन नावे आहेत. भाड्याच्या पावतीवर ते ‘कन्सोल’ असते आणि टेम्पोत चढवताना ‘बोर्ड’. कन्सोल हा शब्द दिव्यांच्या मुलखात वाद्यांच्या मुलखातून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लंडनच्या स्ट्रँड कंपनीतल्या फ्रेडरिक बेंथम या गृहस्थाने 1935 साली ‘लाईट कन्सोल’ बांधला तो कॉम्प्टन ऑर्गनच्या मांडणीवर, कळा आणि पायपट्ट्यांसकट. हा मनुष्य संगीताच्या साथीने रंगीत प्रकाश ‘वाजवत’ असे. ज्या रंगभूमीवर गायक नटांनी ऑर्गनच्या साथीने रात्री जागवल्या, त्या रंगभूमीला हे नाते आपोआप कळायला हवे होते. पण आपल्याकडे ऑर्गन पडद्यापुढे राहिला, दिवेवाला मागे, आणि दोघांची ओळख कुणी करून दिली नाही.

परंपरेचा पुरावा याहून जुना काढता येतो. नाट्यशास्त्रात रंगपीठाच्या बाजूला चार खांबांची, दीड हात उंचीची ‘मत्तवारणी’ सांगितली आहे. ती नेमकी कशासाठी, आणि एका बाजूला एकच की दोन्ही बाजूंना मिळून दोन, यावर पंडितांचे आजही एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला यात गूढ असे काही दिसत नाही. रंगमंचाच्या बगलेला, किंचित उंचावर, नटांना न दिसणारी आणि स्थपतीला नंतर आठवलेली जागा म्हणजे दिवेवाल्याची जागा. राहता राहिला एक की दोन हा वाद. तो एक बोर्ड की दोन बोर्ड, हाच वाद होय. भरतमुनींनी तो मोकळा ठेवला, कारण त्यांनाही प्रयोग करायचे होते. त्याच ग्रंथात रंगदैवतांच्या पूजेत कुंभ फुटल्यावर नाट्याचार्याने पेटती दीपिका हाती घेऊन, आवाज करीत, सगळ्या रंगमंचावर धावायचे असते. प्रकाशाचा स्रोत स्वतः फिरतो, गोंगाट करतो आणि ऐनवेळी कुठे जाईल याचा नेम नसतो. ज्याला आज ‘मूव्हिंग हेड’ म्हणतात आणि ज्याचा जन्म लोक 1981 सालच्या जेनेसिस या बँडच्या दौऱ्यात मानतात, त्याचे लक्षण याहून वेगळे ते काय?

आता मिश्र दिवे. आजच्या कोणत्याही हौशी नाटकाच्या बारवर दोन कुळांचे दिवे शेजारी शेजारी लटकतात. पहिले कूळ हॅलोजनचे: पार, फ्रेनेल, प्रोफाईल, आणि मागच्या पडद्यावर उजेड टाकणारे फ्लड. यांना डिमर लागतो. डिमर वीज कापून कापून देतो आणि दिवा ती निमूट खातो. दिवा मंद केला की तो नुसता कमी होत नाही, तर आधी लोण्याच्या, मग हळदीच्या आणि शेवटी विझत्या निखाऱ्याच्या रंगाचा होत जातो. वीज तोडल्यावरही तार क्षणभर लाल राहते, पंगतीतून उठलेल्या म्हाताऱ्यासारखी, हात धुतले तरी गप्पा संपत नाहीत. दुसरे कूळ एलईडीचे आणि फिरत्या मुंड्यांचे. यांना डिमर चालत नाही. सरळ, अखंड वीज लागते. उजेड किती द्यायचा ते यांच्या पोटातली चिप ठरवते. एलईडी पार चुकून डिमरच्या प्लगला लावला तर तो आधी फडफडतो, मग हट्टाने बंद पडतो, आणि कधी कधी कायमचा. हा दिवा विझतो तो सुरी लावल्यासारखा, मागे धग म्हणून राहत नाही. दोन्ही कुळांना पाच सेकंदांत उतरायला सांगा. हॅलोजन संध्याकाळसारखा उतरेल. स्वस्तातला एलईडी शेवटच्या दीड सेकंदात जिना उतरेल, पायरी पायरीने, कारण 0 ते 255 एवढेच आकडे त्याला ठाऊक आणि तळाच्या पायऱ्या डोळ्याला सर्वांत उंच वाटतात.

पूर्वपक्ष येथे विचारील की एवढा खटाटोप हवाच कशाला? तापस सेन यांनी 1959 साली कोलकात्यात ‘अंगार’ नाटकात आख्खी कोळशाची खाण पाण्याने भरून दाखवली, ती काय दोन बोर्ड जोडून? नाही. परंतु उत्तरपक्ष असा की तापस सेन एक होते, आणि आमच्या संस्थेत प्रकाशयोजना तिघे करतात.

शिवाय दोन बोर्ड ही कलेची गरज कधीच नसते, ती मालकीची असते. नाट्यगृहाचा स्वतःचा बोर्ड असतो. आम्ही ज्याचा अभ्यास केला तो जिल्ह्याच्या गावच्या एका नाट्यगृहातला (नाव सांगत नाही, पुन्हा तारीख मिळवायची आहे) 24 चॅनलचा, दोन रांगांचा, हाताने चालवायचा होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात कुण्या जुन्या प्रयोगाची उदबत्ती टेकवल्याचा डाग होता, आणि अकराव्या फेडरची (उजेड कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीची) टोपी हरवल्याने तिथे पेनाचे झाकण बसवले होते. हा बोर्ड वायरमन काकांचा. काका नाट्यगृहाच्या आस्थापनेवर, म्हणजे नाट्यगृह काकांच्या आस्थापनेवर. दुसरा बोर्ड भाड्याचा, 192 चॅनलचा, आणि त्याच्यासोबत तो चालवणारा एक पोरगा, ज्याला सगळे ‘ऑपरेटर’ म्हणतात आणि जो स्वतःला ‘प्रोग्रामर’ म्हणवतो. काका त्याला ‘ए बाळ’ म्हणत. तो काकांना ‘अंकल’ म्हणे. काकांना ते लागे.

या 192 च्या बोर्डाचे गणित थोडे पाहिले पाहिजे, कारण अशा गणितावर प्रबंध उभे राहतात. त्यावर 12 दिव्यांची 12 बटणे. प्रत्येक दिव्याला 16 चॅनल. फेडर मात्र 8 च, म्हणून पहिले आठ चॅनल ‘ए’ पानावर आणि पुढचे आठ ‘बी’ पानावर. पान बदलायचे विसरले की माणूस रंग बदलायला जातो आणि दिवा मान टाकतो. आमच्याकडे नाट्यगृहाच्या 24 डिमरना पहिली दोन बटणे दिली, म्हणजे 1 ते 32. त्यातले आठ वाया. मग सहा मूव्हिंग हेड, प्रत्येकी 16 चॅनल, 33 पासून 128 पर्यंत. मग आठ एलईडी पार, प्रत्येकी 8 चॅनल, 129 पासून 192 पर्यंत. हिशेब इतका काठोकाठ बसला की पोराने मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

एलईडी पारच्या पाठीवर नंबर टाकायला नऊ बारीक खटके असतात: 1, 2, 4, 8, 16, 32, 64, 128, 256. वाण्याच्या दुकानातल्या वजनांसारखे हे. 129 हवे असेल तर पहिला आणि आठवा खटका वर. 137 हवे असेल तर पहिला, चौथा आणि आठवा. नऊ वजनांत 511 पर्यंतची कोणतीही तोलणी होते. शिडीच्या टोकावर, एका हाताने बार धरून, दुसऱ्या हाताच्या नखाने हे खटके सरकवणाऱ्या माणसाला खाली उभा असलेला दिग्दर्शक ‘किती वेळ रे?’ असे विचारतो, तेव्हा त्या माणसाच्या मनात जे येते त्याचे भाषाशास्त्रीय पृथक्करण प्रस्तुत प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे.

बोर्ड आणि दिवे ज्या बोलीत बोलतात तिचे नाव डीएमएक्स512. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने ती 1986 साली ठरवली. एका तारेवर जास्तीत जास्त 512 चॅनल. प्रत्येकासाठी एक आकडा. एक आकडा तारेवरून जायला 44 मायक्रोसेकंद लागतात, आणि सगळे 512 सांगून झाले की पुन्हा पहिल्यापासून, असे सेकंदाला सुमारे 44 वेळा. 44 चा हा दुहेरी योग केवळ योगायोग आहे असे तंत्रज्ञ म्हणतात. म्हणोत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. ही बोली एकतर्फी आहे. बोर्ड बोलतो, दिवा ऐकतो. दिवा कधीही ‘हो’ म्हणत नाही, ‘ऐकले’ म्हणत नाही, ‘मी जळालो आहे’ असेही कळवत नाही. शासननिर्णयाची तारेवरची आवृत्ती म्हणा. पुढे उलट उत्तर देणारे दिवे निघाले, पण ते भाड्याने परवडत नाहीत.

अशा एकतर्फी बोलीत दोन वक्ते उभे राहिले तर काय होते, हाच आमचा विषय. यावर तीन संप्रदाय आहेत.

पहिला वाय-केबल संप्रदाय, आणि तो नास्तिक समजावा. याचे अनुयायी दोन बोर्डांच्या तारा सोल्डर करून एक करतात आणि पुढे एकच तार दिव्यांकडे नेतात. ‘माईकचं होतं ना असं? मग लाईटचं का होणार नाही?’ माईकचेही होऊ नये तसे, पण ते राहू द्या. एका देवळात, एका नारदाच्या जागी दोन कीर्तनकार उभे करा. एकाने हरिश्चंद्राख्यान लावावे, दुसऱ्याने सुभद्राहरण. श्रोत्याच्या कानी पडते ते असे: सत्त्वाला जागणारा राजा रथ पळवून घेऊन स्मशानात निघाला आहे. दिव्यांचेही तेच होते. अर्धा आकडा याचा, अर्धा त्याचा, आणि सगळा मंच अंगात आल्यासारखा झगझगू लागतो. पोराने तालमीत हे करून पाहिले. दुसऱ्या रांगेत बसून चहा पिणाऱ्या आमच्या खजिनदाराने कप खाली ठेवला आणि ‘हा सीन बराय’ म्हणाला.

दुसरा संप्रदाय विभक्त कुटुंबाचा. डिमरची तार काकांच्या बोर्डाला, एलईडी आणि मुंड्यांची तार पोराच्या बोर्डाला. चूल वेगळी, भांडण नाही. याचे तत्त्वज्ञान इतके निरोगी आहे की त्यावर लिहिण्यासारखे काही उरत नाही. आमच्या दिग्दर्शकाला तो मान्य झाला नाही, कारण त्याला सगळे क्यू, म्हणजे उजेड बदलण्याचे सगळे क्षण, ‘एका बटणावर’ हवे होते. 1975 साली ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाईन’ संगणकाच्या बोर्डावर चालले, हे त्याने कुठेतरी वाचले होते, आणि त्यानंतर आपण हाताने फेडर ओढायचा म्हणजे कमीपणा, असे त्याचे म्हणणे. काकांनी मात्र आपला बोर्ड सोडायला ठाम नकार दिला. ‘जनरल (म्हणजे मंचभरचा साधा उजेड) माझ्या हातात राहील. पोरगं झोपलं तर नट अंधारात बोलायचे का?’ या दोन आग्रहांतून तिसरा संप्रदाय जन्माला आला, आणि त्याच्या पोटातून आमचा विषय.

तिसरा संप्रदाय मर्जर नावाच्या डबीचा. तळहाताएवढी डबी, दोन तारा आत, एक बाहेर. दोन्ही बोर्डांचे ऐकायचे आणि दिव्यांना एकच निकाल सांगायचा, एवढे तिचे काम. पण निकाल कोणत्या न्यायाने? येथे शास्त्र खरे रंगात येते. एक न्याय ‘नंतरचा खरा’: ज्याने शेवटी हात लावला त्याचे चालेल. हा न्याय मृत्युपत्रासारखा आहे आणि त्याचे परिणामही तसेच होतात. दुसरा ‘आधार-न्याय’: पहिला बोर्ड बोलतोय तोवर त्याचेच, तो गप्प झाला तरच दुसऱ्याचे. नव्या पद्धतीत, जिथे नेटवर्कच्या तारेवरून प्रकाश जातो, तिथे प्रत्येक बोर्डाला 0 ते 200 च्या दरम्यान प्राधान्याचा अंक असतो. जन्मतः सगळ्यांना 100. ज्याचा अंक मोठा त्याचे दिवे ऐकतात. हे ऐकल्यावर काकांनी ‘आपला किती?’ एवढेच विचारले.

परंतु स्वस्त डबीत बव्हंशी एकच न्याय असतो आणि तोच जगभर जास्त चालतो: ‘मोठा जिंकतो’. एका चॅनलसाठी एका बोर्डाने 80 सांगितले, दुसऱ्याने 200, तर दिव्याला 200 जातात. वरवर पाहता काही खोट नाही. हॅलोजन पारसाठी तर हा न्याय शहाण्यासारखा: दोघांपैकी कुणालाही उजेड हवा असेल तर तो मिळतो. पण हाच न्याय मुंडीच्या मानेला लावा. मानेलाही 0 ते 255 आकडे. 127 म्हणजे मधोमध. एक बोर्ड मुंड्यांना ‘मधोमध’ सांगून स्वस्थ बसला, की दुसऱ्याने कितीही खालचा आकडा पाठवला तरी तो लहान ठरतो, आणि मुंडी फक्त एकाच बाजूला वळू शकते. तिला दुसरी बाजूच उरत नाही. रंगालाही लावून पाहा. पोराने एलईडीला लाल सांगितला, दुसऱ्या बोर्डावरून निळा आला. प्रत्येक रंगाचा मोठा आकडा घेऊन मंचावर जांभळा झाला. लग्नाच्या बैठकीत असा जांभळा पुष्कळदा निघतो. कुणीही मागितलेला नसतो आणि सगळ्यांना तो दुसऱ्याने मागितला असे वाटते.

आणि आता मुख्य सिद्धांत. तो प्रस्तुत लेखकाने स्वतः मांडला असून त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही. मोठा जिंकतो या न्यायाखाली उजेडाला एकाची इच्छा पुरते. अंधाराला मात्र सर्वांची संमती लागते. दोन बोर्डांपैकी एकाने 255 सांगावे, मंच उजळतो. दोघांपैकी एकाने 0 सांगावे, काहीही होत नाही. शून्य हा बोलण्यातला आकडा असला तरी ऐकण्यातला आकडा नाही. यावरून ब्लॅकआऊट ही तांत्रिक क्रिया नसून ठराव आहे, आणि तो एकमताने पास व्हावा लागतो, हे उघड होते. हे उघड झाले ते कसे, ते सांगणे आता भाग आहे.

नाटक कौटुंबिक. पहिल्या अंकाच्या मध्यावर बाबा आरामखुर्चीत वारतात. बाबांचे काम करणारे गृहस्थ वीज मंडळात नोकरीला होते आणि मरणाच्या बाबतीत फार काटेकोर. छाती हलू नये म्हणून पोटाने श्वास घेत. बाबांचा हात खुर्चीवरून लोंबला की ब्लॅकआऊट. वीस सेकंद अंधार. त्या अंधारात बाबांनी उठून डाव्या विंगेत जायचे, आणि बॅकस्टेजच्या दोन पोरांनी भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो टांगायचा. मग उजेड: दहा वर्षांनंतर.

हात लोंबला. पोराने ब्लॅकआऊटचे बटण दाबले. सहाही मुंड्या मेल्या, आठही एलईडी सुरी लावल्यासारखे कापले गेले, आणि मंचावर राहिला समोरच्या बारवरच्या हॅलोजनचा निखाऱ्यासारखा मंद, पिवळट, अत्यंत हृद्य असा उजेड. काकांच्या बोर्डावर जनरलचे चारही फेडर बोटभर वर होते. हे काका मुद्दाम करीत. थंड दिव्याला एकदम पूर्ण वीज दिली की तार तुटते, म्हणून ती आधी थोडी कोमट ठेवायची, ही जुन्या दिवेवाल्यांची खरी आणि शहाणी रीत. एरवी ब्लॅकआऊटला काका स्वतः मास्टर खाली घेत. पण आज क्यू ‘एका बटणावर’ होते, आणि काकांना तसे दोनदा सांगण्यात आले होते. ‘अंकल, तुम्ही हात लावू नका.’ काकांनी हात लावला नाही.

फोटो घेतलेली दोन पोरे तोवर मध्यावर पोचली होती. त्यांनी फोटोकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि बाबांच्या डोक्यावरून हात लांबवून फोटो टांगला. विंगेतून दिग्दर्शक ‘उठा! उठा!’ असे कुजबुजत होता. ते पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. बाबा उठले नाहीत. उजेडात प्रेत चालत नाही, हा त्यांच्या तत्त्वाचा प्रश्न होता. वर पोराने घाबरून ब्लॅकआऊटचे बटण पुन्हा दाबले. हे बटण एकदा दाबले की अंधार आणि पुन्हा दाबले की जैसे थे, असे असते. मंच लखलखला. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा निखारा. पुन्हा दाबले. आश्विनातल्या विजांसारखे चार-पाच वेळा झाले आणि वीस सेकंद संपले. ध्वनिवाल्याकडे बोर्ड एकच होता, त्यामुळे दहा वर्षांनंतरचे संगीत वेळेवर लागले. मुलगा आला, फोटोला हात जोडले आणि म्हणाला, ‘आज बाबांना जाऊन दहा वर्षं झाली.’ सुनेचे पुढचे वाक्य संहितेतच होते. तिने ते न चुकता म्हटले. ‘मला तर अजून ते या खुर्चीतच बसलेत असं वाटतं हो.’

पहिल्या अंकाचा पडदा पडेपर्यंत बाबा खुर्चीतच राहिले. पडदा पडल्यावर ते मेकअपसकट जिना चढून प्रकाशकक्षात आले. सगळ्यांना वाटले, आता आरडाओरडा. त्यांनी फक्त विचारले, ‘चॅनल कुठलं राहिलं?’ पोराने काकांकडे बोट दाखवले. काका म्हणाले, ‘मला सांगितलं हात लावू नका. दिवा उडाला असता तर रजिस्टरवर सही कुणी केली असती?’ दोघांच्या मधोमध ती डबी हिरवे डोळे मिचकावत होती. तिच्या दृष्टीने दोन्ही बोर्डांचे तिने नीट ऐकले होते.

या प्रयोगातून निष्पन्न झालेली सुधारणा नोंदवून प्रबंध आवरतो. पुढच्या प्रयोगाला डबी खोक्यात गेली, विभक्त कुटुंब झाले: डिमर काकांकडे, बाकीचे पोराकडे, दोन तारा वेगळ्या. प्रश्न उरला तो दोन हात एका क्षणी खाली यावेत याचा. मोठ्या नाट्यगृहांत यासाठी कानाला लावायचे हेडसेट असतात, किंवा एक बोर्ड दुसऱ्याला संकेत पाठवतो. आमच्याकडे कोपर होते. पोराने ब्लॅकआऊटच्या आधी आपल्या कोपराने काकांचे कोपर दाबायचे. पहिल्या तालमीत असे दिसले की एकाच वेळी दाबले तर एलईडी जातात आणि हॅलोजनची लाली मागे रेंगाळते, म्हणून काकांनी जरा आधी सुटले पाहिजे. किती आधी, यावर बराच खल झाला. पोराने ‘हाफ सेकंद’ म्हटले, काकांनी ‘एक श्वास’. श्वास ठरला. कोपर दाबायचे, एक श्वास सोडायचा, मग बटण. तिसऱ्या तालमीपर्यंत दोघे एकत्र श्वास सोडू लागले आणि पोरगा ‘अंकल’वरून ‘काका’वर आला.

प्रयोगाच्या रात्री बाबांचा हात लोंबला, कोपर दाबले गेले, श्वास सुटला. असा अंधार त्या नाट्यगृहाने कित्येक वर्षांत पाहिला नसेल. स्वतःचा हात दिसत नव्हता. त्या अंधारात टीपॉयवर काहीतरी आदळल्याचा आवाज आला, मग एक दबलेला ‘आई गं’, मग उजव्या विंगेच्या पडद्याला कुणीतरी दोनदा धडकले, आणि बाबांना जायचे होते डावीकडे. उजेड आला तेव्हा फोटो भिंतीवर होता आणि खुर्ची रिकामी होती. मध्यंतरात बाबा लंगडत जिना चढून वर आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोराला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, ‘काका, ते मागच्या वेळचं... बोटभर ठेवता येईल का हो?’